दारू : पेशंट नाकारतात

७ नोव्हेंबर

वही नवी आणली नाही. दुकानातली मापांचीच आहे. पुढून दारं-खिडक्या, मागून आता मी. डॉक्टर सेनाइदाबाईंनी फर्मावलंय, रोज काय खाल्लं, काय प्यायलं ते लिहून ठेवायचं, चौकटी आखून. मी सदुसष्ट वर्षांचा सुतार, जन्मभर चौकटीच आखत आलो. आता जरा मोकळं लिहीन.

झालं असं, की गावच्या दवाखान्यात साखर तपासायला गेलो तर त्यांना रक्तात लिव्हरचं काहीतरी वाकडं दिसलं. त्यांनी वाहाका शहरातल्या मोठ्या इस्पितळात पिटाळलं. तिथे पोटाला गार, चिकट लापशी फासून सोनोग्राफी केली. पडद्यावर लिव्हर करडं दिसायला हवं, माझं म्हणे चुना लावल्यासारखं पांढरं लखलखत होतं. चरबी चढलीय. बरं, चढू दे. पण बाईंनी पुढे विचारलं, मेस्त्री, दारू किती घेता? मी सांगितलं, एकवीस वर्षांत थेंब नाही. त्यांनी मान हलवली, लिहून घेतलं. घरी येऊन कागद वाचतो तर काय?

"दारू : पेशंट नाकारतात."

चौकीवर धरून आणलेला चोर नाकारतो, तसा मी नाकारतो. 'पीत नाहीत' लिहायला काय शाई जास्त लागत होती?

नेरेइदा शेजारी बसून वाचत होती. आमची एकुलती एक लेक, शहरात शाळेवर शिकवते, शनिवार-रविवारी घरी येते. आज माझ्यासाठी रजा काढून आली होती. तिने ती ओळ वाचली, कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाली, जेवून घ्या बाबा.

खाणं : सकाळी काही नाही. एक वाडगा गरम, चॉकलेटी चांपुर्रादो. दुपारी काळ्या घेवड्याचं कालवण, पाच तोर्तिया, चीज. रात्री दोन गोड पाव. कोला, मोठी बाटली, दीड.

९ नोव्हेंबर

त्या एका शब्दावरून झोप उडाली आहे. बायको, ओब्दुलिया, म्हणते, "म्हाताऱ्या, डॉक्टर लोकांची भाषाच तशी. सोड की." सोड म्हणे. एकदा सोडली ना, तेवढी पुरे.

अठरा डिसेंबरला सोलेदाद मातेचा सण. त्या दिवशी आमच्या चर्चमध्ये पिणारे पुरुष रांग लावतात आणि मातेपुढे शपथ घेतात, कोणी महिन्याची, कोणी वर्षाची. फादर कार्डावर मुदत लिहून सही करतात. मी वर्षाची घेतो. एकवीस कार्डं झाली, डब्यात ठेवलीत. फादर आन्सेल्मोंचा स्वतःचा एक हट्ट आहे : घरातलं माणूस साक्षीला उभं राहिल्याशिवाय ते सही करत नाहीत. म्हणतात, माता माफ करेल, पण राहायचं तुला बायकापोरांत आहे. एकवीस वर्षं ओब्दुलिया उभी राहिली. यंदा ऑगस्टमध्ये नेरेइदा आपणहून म्हणाली, या खेपेला मी येते.

हे काय आहे ते मलाच ठाऊक. आमच्याकडे पोरगी पंधराची झाली की मोठा सोहळा करतात, आणि पहिला नाच बापाबरोबर असतो. मंडप घातलेला, बँडवाले आलेले, अख्खं गाव जमलेलं. मी पिऊन बैलांच्या रिंगणामागे चिखलात पडलो होतो. ती तिच्या मामाबरोबर नाचली. त्याच आठवड्यात मी पहिली शपथ घेतली, पण तिने पुढची सहा वर्षं माझ्याशी 'हो' आणि 'नाही' याखेरीज शब्द काढला नाही. आणि आता ती साक्षीला येते म्हणाली.

तेवढ्यात हा कागद.

१४ नोव्हेंबर

नवं यंत्र. सोनोग्राफीत चरबी आहे एवढं कळतं, पण लिव्हर किती कडक झालंय ते कळत नाही म्हणे. त्यासाठी दुसरं. हातात धरायचा दांडा, त्याच्या टोकाला बोंड. बरगड्यांच्या फटीत टेकवून ठोकतात. टक्, टक्, दहा वेळा. दुखत नाही. लिव्हर मऊ असेल तर ठोक्याची लाट हळू जाते, कडक असेल तर झपाट्याने. मनात म्हटलं, यात नवल ते काय. मी फळी घेताना बोटाच्या पेराने ठोकूनच घेतो. ओली, सुकी, किडलेली, सगळं आवाजात कळतं.

पहाटे पाचला गावातून सामायिक टॅक्सी धरली. उपाशी यायला सांगितलं होतं. रात्री आठनंतर घास घेतला नाही. रांग मात्र सणाच्या मिरवणुकीसारखी लांब. मला घेरी येऊ नये म्हणून ओब्दुलियाने थर्मासात चांपुर्रादो आणला होता. नंबर यायच्या जरा आधी दोन पेले दिले, म्हणून उभा तरी राहिलो. यंत्रावरच्या माणसाने विचारलं, उपाशी ना? म्हटलं, पूर्ण.

दोन आकडे आले. चरबीचा तीनशे अडतीस. कडकपणाचा चौदा पूर्णांक सहा. सातच्या आत असावा म्हणे. डॉक्टरीणबाईंनी कागदावर जिना काढला. शून्यापासून चारपर्यंत पायऱ्या. माझं नाव चौथीवर. तिथे लिव्हर म्हणजे वाळलेलं चामडं. सिरोसिस.

आमच्या खोऱ्यात हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तो कोणाला होतो तेही ठाऊक आहे.

बाईंनी पुन्हा विचारलं, मेस्त्री, अगदीच नाही? एखाददुसरा पेला, सणासुदीला? मी नेरेइदाकडे पाहिलं, ती शाळेतून परस्पर आली होती. ती खिडकीबाहेर पाहत होती.

खाणं : सकाळी काही नाही. दोन पेले चांपुर्रादो. नंतर भूक मेली.

१५ नोव्हेंबर

एका दाराला रंधा मारला, तो जास्त मारला. दार वाया.

२८ नोव्हेंबर

एका मापावर विसंबू नये, हे मी शिकाऊ पोरांना सांगतो. बाईही तेच म्हणाल्या. आज पुन्हा तोच दांडा, तेच ठोके. या वेळी मी अधिक काटेकोर : आदल्या दिवशी दुपारपासूनच अन्न बंद, फक्त पिणं. ओब्दुलियाने मोठा थर्मास घेतला.

पंधरा पूर्णांक दोन.

वाढला! चौदा दिवस मी कोंबड्यासारखा दाणे टिपून जेवलो आणि आकडा वर. आता सुई. बरगड्यांतून सुई घालून लिव्हरचा धागा काढणार आणि काचेखाली बघणार, म्हणजे शंका नको. तेरा डिसेंबर तारीख दिली. नऊ तारखेला आधी येऊन भेटा म्हणाल्या, वही घेऊन.

परतीच्या टॅक्सीत नेरेइदा पुढे बसली. एरवी माझ्याजवळ बसते.

ओब्दुलियाचं सांगतो. रात्री माझा सदरा खुंटीवरून काढून तिने नाकाशी धरला. मी जागा आहे हे तिला माहीत नव्हतं. एकवीस वर्षं, आणि सदरा हुंगते. भांडायला उठणार होतो. मग वाटलं, दुधाने तोंड पोळलंय तिचं, ताक फुंकणारच. पण मीही माणूस आहे. मी ताक आहे हो, ताक. किती वेळा सांगू?

३ डिसेंबर

मंगळवार असूनही नेरेइदा आली. कात्री हवी म्हणून दुकानात गेली. मी अंगणात लाकूड रचत होतो, फटीतून दिसत होतं. कात्री समोर खिळ्याला टांगलेली. ती व्हार्निशचे डबे उघडून वास घेत होती. एकेक. शांतपणे. झाकणं पुन्हा नीट बसवत होती.

बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, अठराला आईच उभी राहू दे. शाळेत परीक्षा आहेत."

परीक्षा. बरं.

"कात्री मिळाली?" मी विचारलं.

"मिळाली."

हात रिकामे होते.

ती गेल्यावर ओब्दुलिया म्हणाली, पोरगी घाबरलीय रे. घाबरलीय कसली, निवाडा देऊन गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्यात हा संन्यासी एके काळी चोर होता, म्हणजे ओरडायचीही सोय नाही.

५ डिसेंबर

दुपारी डोंगराच्या वाटेने फिरून आलो. भट्टीपर्यंत. एक वस्तू घेतली. त्याबद्दल लिहायचं नाही.

खाणं : लिहायचं नाही.

९ डिसेंबर

आजचा दिवस नीट लिहितो, कारण असा मूर्ख दिवस पुन्हा येणार नाही.

मी आणि ओब्दुलिया दोघंच गेलो. सुई आतड्यापर्यंत पोचते का, हे विचारायला मी चार दिवस धीर गोळा करत होतो. बाई म्हणाल्या, आधी वही. आता वही कशी देणार? तिच्यात त्यांच्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय. म्हटलं, माझं अक्षर तुम्हाला लागायचं नाही, मी वाचून दाखवतो. आणि नुसतं खाणं वाचायला घेतलं.

"चौदा नोव्हेंबर. सकाळी काही नाही. दोन पेले चांपुर्रादो."

"थांबा," बाई म्हणाल्या. "तपासणीच्या दिवशी?"

"हो."

"किती वाजता?"

मी ओब्दुलियाकडे पाहिलं. ती म्हणाली, नंबर यायच्या अर्धा तास आधी, म्हणजे उभं राहायला बळ येतं.

"पण तुम्ही उपाशी होतात ना, मेस्त्री?"

"उपाशीच होतो की. प्यायल्याने कुठे उपास मोडतो?"

ओब्दुलियाने लगेच री ओढली, की गुड फ्रायडेलासुद्धा फादर पिण्याला हरकत घेत नाहीत, चावायचं तेवढं नको. तिची आजी लेंटच्या उपासाचे चाळीस दिवस चांपुर्रादोवर काढायची.

बाईंनी लेखणी खाली ठेवली. चांपुर्रादो म्हणजे मक्याचं पीठ, चॉकलेट, गूळ. चमचा उभा राहील इतका दाट. ते त्यांना मी सांगायची गरज नव्हती, त्याही याच खोऱ्यातल्या. कपाळाला हात लावून बसल्या. मग हसायलाच लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"माझी आजीही हेच म्हणायची," त्या म्हणाल्या. "आणि मी तुम्हाला नुसतं 'उपाशी या' सांगितलं. चूक माझी. 'पाण्याखेरीज काही नको' म्हणायला हवं होतं."

त्यांचं म्हणणं असं : पोटात अन्न गेलं की रक्त लिव्हरकडे धावतं. ते फुगतं, ताणलं जातं. अशा वेळी ठोकलं तर कडकच लागणार. तीन तास तरी पोटात काही नको.

म्हणजे पावसाळ्यात दाराचं माप घेतल्यासारखं. लाकूड फुगलेलं, आणि तुम्ही त्याच मापाने रंधा मारता. पंचेचाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांना ओरडून सांगतोय, ओल्या दाराचं माप घेऊ नका. आणि स्वतःचं दार दोनदा ओलंच दिलं. लाज वाटली. मग राग आला. कोणावर, ते ठरेना. बाईंवर निम्मा, थर्मासवर निम्मा.

परवा पुन्हा.

११ डिसेंबर

पोटात फक्त पाणी. ओब्दुलियाने हात रिकामे आणले आणि वाटभर मी आता पडतो की मग पडतो म्हणून माझ्याकडे बघत राहिली. नेरेइदाही आली, न सांगता. वही वाचल्याची गोष्ट आईने तिला फोनवर सांगितली असणार.

टक्, टक्, दहा वेळा.

नऊ पूर्णांक एक. दुसरी पायरी. सुई रद्द.

मी टुणकन उठून बसलो. बाई म्हणाल्या, आनंद करा, पण मोजून. दुसरी पायरी म्हणजे तळमजला नव्हे, आणि चरबी होती तिथेच आहे, तीनशे चौतीस. मग वहीतल्या कोलाची त्यांनी माझ्याचकडून बेरीज करवून घेतली. दिवसाला दीड-दोन मोठ्या बाटल्या, वर गोड पाव. हा आजार दारू न पिणाऱ्यांनाही होतो, उलट आमच्याकडे त्यांनाच जास्त, हे त्या पहिल्या दिवसापासून सांगतायत म्हणे. मला ऐकू आलं नसेल. मला 'नाकारतात' एवढंच ऐकू येत होतं.

"मेस्त्री, तुम्ही दारू सोडलीत, पण बाटली नाही सोडली," त्या म्हणाल्या.

जीव जातो तहानेने, त्याला बाटली लागते. पण बंद. दहा किलो उतरवायचे, चालायचं, सहा महिन्यांनी पुन्हा यंत्र.

निघताना मी म्हटलं, बाई, तेवढा तो शब्द बदला. त्या म्हणाल्या, तो शब्द आम्ही सगळ्यांनाच लिहितो, मठातल्या सिस्टर येतात त्यांनाही. म्हणजे बदलणार नाहीत. इस्पितळ मोठं आणि अक्कल बेतास बात.

टॅक्सीत नेरेइदा माझ्याजवळ बसली. गाव दिसायला लागल्यावर म्हणाली, "अठराला मी येते."

"परीक्षा?"

"संपल्या."

१३ डिसेंबर

आज सुई टोचायची होती. त्याऐवजी तासभर चाललो आणि गुडघा धरला.

पाच तारखेचं लिहायचं राहिलं ते लिहितो. भट्टीवरून मेस्काल आणली. एक लिटर. मनात हेच होतं, की सगळ्यांनी पिणारा ठरवलंच आहे तर निदान त्याची चव तरी मिळू दे. दुकानात मागे, भुशाच्या खोक्यात ठेवली. त्या रात्री बूच काढलं. वास घेतला. तोंडाला पाणी सुटलं, लिहायला लाज वाटते पण सुटलं. मग ओब्दुलियाने जेवायला हाक मारली आणि मी बूच लावलं. मी मोठा धीराचा म्हणून नव्हे. हाक आली म्हणून.

बाटली अजून तिथेच आहे. ओतून टाकावी तर हात पुढे होत नाही. आणि अठराला पोरगी माझ्या बाजूने उभी राहणार, यंत्राच्या आकड्यावर भरवसा ठेवून.

आकडा खरा आहे. मी प्यायलो नाही हेही खरं आहे. मग पोटात हे काय टोचतंय? सुई तर रद्द झाली.

१६ डिसेंबर

सांगायचं नाही असं ठरवलं. न प्यायलेल्या दारूची कसली कबुली?

खाणं : सकाळी अंडी, एक तोर्तिया. दुपारी भोपळ्याच्या फुलांचं सूप. कोला नाही. डोकं भणभणतंय.

१८ डिसेंबर

चर्च खचाखच. शपथेची रांग दारापर्यंत, पुढे फादर आन्सेल्मो टेबल टाकून बसलेले, बाहेर बँड. आमच्यापुढे सात-आठ जण. नेरेइदाने निळा पोशाख घातला होता, केस बांधले होते. कोणी ओळखीचं भेटलं की ती सांगे, बाबांच्या साक्षीला आलेय. एकाला सांगितलं, दुसऱ्याला सांगितलं. तिसऱ्याला सांगितलं तेव्हा माझ्याने राहवलं नाही.

तिच्या कानाशी सगळं सांगितलं. भट्टी, भुसा, बूच.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पुढच्या माणसाच्या टोपीकडे पाहत म्हणाली, "प्यायलात?"

"नाही."

"प्यावीशी वाटली?"

"हो."

रांग एका माणसाने सरकली. ती सरकली नाही. मागचे ढकलायला लागले. मी एकटाच पुढे झालो. मध्ये दोन माणसांची जागा पडली आणि एक लुंगासुंगा तिथे घुसलाही. वाटलं, आता ही वळेल आणि बाहेर जाईल. बरोबरच होतं तिचं.

मग ती आली. त्या घुसलेल्याला बाजूला करून आली.

"हे यंत्राला दिसलं नसतं," ती म्हणाली.

"नाही. म्हणून तर सांगितलं."

आणखी तीन जणांच्या शपथा झाल्या. आमचा नंबर आला. फादरनी नेहमीप्रमाणे माझं नाव न विचारताच लिहिलं, आणि मुदतीच्या जागी 'एक वर्ष' लिहायला लेखणी टेकवली.

"साक्षीला कोण?"

"मी. नेरेइदा. मुलगी." आणि लगेच, "एक वर्ष नको, फादर. सहा महिने लिहा."

फादर चष्म्यावरून बघायला लागले. म्हणाले, पोरी, हा एकवीस वर्षांचा जुना माणूस, नवखा नाही.

"माहीत आहे. सहाच लिहा. सहा महिन्यांनी मी बाबांना पुन्हा घेऊन येईन, आणि त्यांना पुन्हा विचारीन."

मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. सदुसष्ट वर्षांचा मी, डब्यात एकवीस कार्डं, आणि मला पहिल्यांदा दारू सोडणाऱ्या पोरासारखा सहा महिन्यांचा करून ठेवला, तोही अख्ख्या गावापुढे. कानशिलं तापली. तोंडापर्यंत शब्द आला होता.

तिने लेखणी घेतली आणि सही केली. इतकी दाबून, की कार्डाला मागून उठाव आला. बोट फिरवलं तर अक्षरं लागतात.

मी मुदतीवरून भांडलो नाही.